मास्तरांची ट्रंक आणि माझं पत्रक

आमच्या शेजारी राहणाऱ्या ड्रॉइंग मास्तरांकडे एक पत्र्याची ट्रंक होती. जगभरच्या मोठमोठ्या प्रदर्शनांतून आलेले स्काउटांचे बिल्ले, गळ्यातले रुमाल, शिट्ट्यांच्या दोऱ्या, तंबूंची तिकिटं आणि पत्रं तिच्यात होती. ती ट्रंक आता नाही. ती माझ्यामुळे गेली. वाचणाऱ्याला हे शेवटी कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं. मी एकदा एक गोष्ट झाकून लिहिली होती. पुन्हा तसं लिहायचं नाही.

नंदुरबारचा ड्रॉइंग मास्तर कुठला पॅरिसला जातोय! मास्तर पश्चिमेला सुरतेपर्यंत आणि पूर्वेला जळगावपर्यंत गेले होते, आणि दोन्हीकडून त्याच दिवशी परत आले होते. पण शाळेतलं स्काउटांचं पथक त्यांच्याकडे होतं. पथकासाठी विलायतेचं एक मासिक यायचं, त्यात त्यांनी वाचलं की असं प्रदर्शन भरलं म्हणजे तिथले स्काउट आवारातच तंबू ठोकून राहतात. लोकांना वाट दाखवतात, हरवलेली मुलं आईबापांकडे पोचवतात, उन्हानं चक्कर आलेल्याला सावलीत नेतात. या कामाबद्दल त्यांना एक बिल्ला मिळतो आणि तो त्या प्रदर्शनापुरताच असतो. प्रदर्शन उठलं की तसला बिल्ला पुन्हा निघत नाही.

मास्तर म्हणायचे, "त्या मोठमोठ्या इमारती पाहीसन हुरळू नको. चुन्याच्या नि फळ्यांच्या असतात त्या. सहा महिन्यांत मोडतात. मंग मागे काय राहस? पोऱ्याना खिसावरना बिल्ला."

मास्तर असेच बोलायचे. शाळेतली मराठी संपली की घरची अहिराणी सुरू, आणि पत्र्याची ट्रंक उघडली की दोन्ही एकत्र.

फुकट काही मागायचं नाही हा त्यांचा नियम होता. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते. तिथे मास्तरांचं पथक दरवर्षी जायचं आणि तापीच्या वाळवंटात चुकलेली पोरं हुडकायचं. त्या कामासाठी मास्तरांनी स्वतःचा एक बिल्ला काढला होता. खाकी कापडाचा गोल तुकडा आणि त्यावर रेशमाच्या दोऱ्यानं भरलेला घोडा. भरतकाम मास्तरांच्या बायकोचं, आमच्या काकूंचं. प्रत्येक घोड्याची शेपटी वेगळी यायची. मास्तर परदेशातल्या पथकांना पत्र लिहायचे: आमच्या जत्रेत आम्ही मुलं सांभाळतो, तुमच्या जत्रेत तुम्ही सांभाळता, तेव्हा आमचा बिल्ला घ्या आणि तुमचा द्या. शिकागोच्या कुणा मोटार दुरुस्त करणाऱ्या स्काउटमास्तरानं काकूंचा घोडा भिंतीवर लावला होता. जपानातल्या एका शाळामास्तरानं त्या घोड्याचं शाईत चित्र काढून पाठवलं होतं. त्याची आणि मास्तरांची तर दहा-बारा वर्षांची ओळख. दोघेही चित्रकलेचे मास्तर, दोघांचंही इंग्रजी मोडकं. पत्रात मजकूर दोन ओळी, बाकी चित्रं.

माझं अक्षर चांगलं, म्हणून ट्रंकेची वही मी लिहायचो. कुठलं प्रदर्शन, कुठलं पथक, कुणाचा पत्ता, बदल्यात काय गेलं. सातवी-आठवीपर्यंत मला भूगोल येत होता तो सगळा त्या वहीतला.

बाकीचं मी पत्रकांतून शिकलो. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छापखाना होता. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, आणि चार केसा, म्हणजे खणांच्या पेट्या, भरून शिशाचे खिळे. लग्नपत्रिका आणि कापसाच्या पेढ्यांच्या पावत्या छापून पोट भरायचं आणि पोटात जे जळत असेल ते पत्रकांत छापायचं. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी ते त्यापायी तुरुंगात जाऊन आले. आमच्या घरात भाकरी पत्रकात बांधलेली असायची, कपाटाच्या फळीवर पत्रक, अंथरुणाखाली पत्रक. मी अक्षरं शिकलो ती खिळ्यांवरची उलटी. 'जागे व्हा', 'धिक्कार असो', 'आणखी किती दिवस', हे माझे पहिले धडे. आबांचा मात्र एक दंडक होता. पत्रकाच्या तळाशी छापणाऱ्याचं नाव गेलं पाहिजे. कायद्याला ते हवं होतं, पण आबा ते कायद्यासाठी घालत नव्हते.

लढाई सुरू होऊन दोन वर्षं झाली तेव्हा मी मॅट्रिक होऊन छापखान्यातच काम करत होतो. एके दिवशी रस्त्यानं पथक आलं. पुढे मास्तर, मागे गणवेशातली पोरं, हातात लढाईच्या फंडाचे डबे. आमच्या दारातही डबा वाजला. आबांनी नुसती मान हलवली आणि आत गेले. माझं डोकं भडकलं. मी संध्याकाळी मास्तरांच्या ओट्यावर गेलो. मास्तर अमेरिकेत आदल्या साली उठलेल्या प्रदर्शनातल्या पथकासाठी घोड्यांचे दोन बिल्ले पाकिटात घालत होते.

"मास्तर, पथक मोडा."

"कसाले?"

"पोरांना लढाईच्या कामाला लावता तुम्ही."

"लढाईले कोन लावी ऱ्हायना? डबा धरीसन फिरी ऱ्हायनात, इतलंच."

"डबा कुणाचा आहे?"

"हेडमास्तरना," मास्तर म्हणाले आणि हसले.

मी हसलो नाही. "स्काउटांच्या शपथेत राजा आहे की नाही?"

"शे."

"मग?"

"शपथमा देव बी शे. त्याले तू कव्हय मानस?"

मी देव मानत नाही हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. काकू आतून हसल्या. त्या हसण्यानं मी जास्तच पेटलो. तुम्ही साहेबांच्या बिल्ल्यांना भुललेले आहात, असं काहीसं मी बोललो. मास्तरांनी ट्रंकेतून ब्रुसेल्सचा एक बिल्ला काढून माझ्यापुढे धरला. "हाऊ राजाना नही रे. हाऊ एक पोऱ्यानी दुसरा पोऱ्याले दिन्हेल शे. दोन्हीस्नी एकमेकनं तोंड बी नही देखं."

पॅरिसचा एक बिल्ला त्यांनी मला मॅट्रिक पास झालो तेव्हा दिला होता. तो मी खिशातून काढून त्यांच्या चटईवर ठेवला आणि निघालो. तेव्हा मला ते फार तेजस्वी वाटलं होतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी आबा कागद आणायला गेले असताना मी पत्रक जुळवलं. मथळा होता, 'परक्यांचे बिल्ले मिरवणारे गुरुजी'. मास्तरांचं नाव घातलं नाही, पण गावात ड्रॉइंग मास्तर एकच. नुसत्या शिव्या वाचून लोक कंटाळतात, पुरावा लागतो, हे मी पत्रकांतूनच शिकलो होतो. म्हणून यादी दिली. लंडनच्या प्रदर्शनाचा बिल्ला, पॅरिसचा, शिकागोचा, ब्रुसेल्सचा हिरवा रुमाल, जपानातल्या प्रदर्शनाची फीत, जपानी मास्तराची अकरा पत्रं. वही मीच लिहिलेली, मला सगळं पाठ होतं. यादी खरी होती. पण यादीखालचं वाक्य काही केल्या पेट घेईना. 'हा परदेशांशी चाललेला पत्रव्यवहार' एवढंच वाचलं तर कुणाला काय वाटणार? मी केसेतून आणखी तीन खिळे उचलले आणि 'गुप्त' हा शब्द घातला. 'परदेशांशी वर्षानुवर्षे चाललेला हा गुप्त पत्रव्यवहार.' वाक्य एकदम उभं राहिलं.

गुप्त काही नव्हतं. मास्तर ती पत्रं भाजीवाल्यालाही दाखवायचे.

तळाशी नाव घातलं नाही. पत्रक शाळेच्या भिंतीवर लागलं, स्टेशनावर गेलं, बाजारात वाटलं गेलं. पोरं मास्तरांना 'बिल्लेवाला' म्हणू लागली. पथकातली निम्मी मुलं यायची बंद झाली. मला वाटलं, मी जिंकलो.

दोन-तीन दिवसांनी मास्तर छापखान्यात आले. हातात माझं पत्रक होतं. आबा मशीनला तेल घालत होते, मी जुळवलेले खिळे सुटे करून केसेत टाकत होतो. मास्तर आबांना म्हणाले, "आबा, कोन्ही तरी मन्हावर हाऊ कागद काढेल शे. यादी चांगली शे. पन ब्रुसेल्सना रुमाल हिरवा नही, निया शे." बोलणं आबांशी, नजर माझ्याकडे. मग पत्रक घडी करून त्यांनी मशीनवर ठेवलं आणि गेले.

आबांनी ते उचललं, उजेडात धरलं. आमच्या केसेतल्या 'र'च्या काही खिळ्यांची शेपटी तुटलेली होती. तसा 'र' पत्रकात चार ठिकाणी होता.

"नाव कोठे शे?" आबांनी विचारलं.

मी आणखी एक खिळा केसेत टाकला.

"नाव घालानी छाती नही, तर छापं कसाले?"

एवढंच म्हणाले आणि पुन्हा तेल घालू लागले. मला वाटलं, म्हातारे झाले. आता काळ निराळा आहे.

त्याच हिवाळ्यात जपान लढाईत उतरलं. बातमी स्टेशनावरून गावात यायला वेळ लागला नाही. आठवडाभरातच सकाळी दहाच्या सुमारास मास्तरांच्या दारात फौजदार आणि दोन शिपाई आले. मी आमच्या ओट्यावर उभा होतो. फौजदाराच्या हातात माझं पत्रक होतं. शिपाई ट्रंकेतून एकेक वस्तू काढून चटईवर मांडत होता आणि फौजदार पत्रकात बघून त्या त्या ओळीपुढे तांबड्या पेन्सिलीनं खूण करत होता. लंडन, खूण. पॅरिस, खूण. जपानी पत्रं मोजली, अकरा भरली. त्याला शोधायला काही लागलंच नाही.

"ही घोड्याची खूण कुठल्या संघटनेची?" त्यानं विचारलं.

काकू दारामागून म्हणाल्या, "ते मन्हं शे. शेपटी वाकडी व्हयनी म्हनीसन ठी दिन्हं व्हतं."

फौजदारानं तेही लिहून घेतलं.

ट्रंक आणि तिची वही बैलगाडीत चढवली. मास्तरांनी कोट घातला, टोपी घातली, आणि शाळेत निघाल्यासारखे त्या गाडीमागून चालत गेले. दुपारच्या आगगाडीनं त्यांना धुळ्याच्या बाजूला नेलं. शत्रूशी संधान, असा शब्द गावात फिरू लागला. त्यांची नोकरी तर गेल्यातच जमा होती. आता ते तुरुंगातून कधी येतात, येतात की नाही, हा प्रश्न होता.

आबा माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "जाय. आते जाय. नाव सांगी ये."

मी गेलो. रस्ताभर मी भाषण जुळवत होतो. मला अटक होईल, मी ताठ उभा राहीन, मास्तर सुटतील. फौजदार देशावरचा माणूस, बोलायला मवाळ. त्यानं मला खुर्ची दिली.

"ते पत्रक मी लिहिलं," मी म्हणालो.

"असं? छान लिहिता. भाषेत जोर आहे."

"त्यात 'गुप्त' हा शब्द खोटा आहे. ती पत्रं त्यांनी कधीच लपवली नाहीत. लहान मुलांच्या बिल्ल्यांची पत्रं आहेत ती."

त्यानं टेबलावरचं पत्रक माझ्याकडे फिरवलं. त्या एका शब्दाखाली तांबडी रेघ होती. "मग घातलात कशाला?"

"जोर यावा म्हणून."

"आला की," फौजदार म्हणाला.

मी म्हटलं, माझा जबाब घ्या. त्यानं दौत पुढे केली, मग जरा थांबून म्हणाला, "घेतो. पण छापणाऱ्याचं नाव नाही या कागदावर. जबाब घेतला की मला वडिलांच्या छापखान्याला कुलूप लावावं लागेल. मला ते बरं वाटत नाही. तुम्ही सरकारला मदत केलीत. यापुढे असं काही छापलंत तर एक प्रत आधी इकडे पाठवा."

मी टाक उचलला नाही. हे मी आज कुणाच्याही सांगण्यावरून लिहीत नाही. मी टाक उचलला नाही आणि उठलो. फौजदार मला पोचवायला बाहेर आला. भर बाजारात, दुपारच्या वेळी, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून निरोप दिला. समोर पानवाला होता, टांगेवाले होते, शाळेची पोरं होती. त्या दिवसापासून मी गावात 'फौजदाराचा भाचा' झालो.

चार दिवस मी जेवलो, झोपलो, खिळे जुळवले. चौथ्या दिवशी आबांनी विचारलं, "काय व्हयनं?" मी सगळं सांगितलं. छापखान्याचंही सांगितलं. आबांनी हात पुसले. मग त्यांनी स्वतः कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मी जबाब लिहिला, सही केली, खाली आबांनी छापणारा म्हणून सही केली. दोघे मिळून तो देऊन आलो. दुसऱ्या दिवशी छापखान्याला सील लागलं.

मास्तर सात आठवड्यांनी सुटले. माझ्या जबाबानं सुटले, की अकरा पत्रांत चित्रांशिवाय काही सापडेना म्हणून कंटाळून सोडले, मला माहीत नाही. ट्रंक परत मिळाली नाही. विचारायला गेलेल्या आबांना सांगितलं की जपानी माल नष्ट केला आणि बाकीचा कुठे आहे ते लिहिलेलं नाही. शाळेनं मास्तरांना काढून टाकलं होतं. ते काकूंना घेऊन तापीकाठच्या आपल्या गावी भावाच्या घरी गेले. पुढे नंदुरबारात मिरवणुकीवर गोळीबार झाला, पोरं पडली. त्याबद्दल इतरांनी लिहिलं आहे. त्या मिरवणुकीचा निरोप मला कुणी दिला नव्हता. फौजदाराच्या भाच्याला कोण देणार?

पावसाळा संपता संपता मी मास्तरांच्या गावी गेलो. मला त्यांनी शिव्या द्याव्यात, हाकलावं, असं मला हवं होतं. त्या अपेक्षेनं मी चालत गेलो. काकू केळीच्या पानावर चवळीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"त्यासले बोलू नको, आत्तेच डोया लागना," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "चहा लेशी का?"

मास्तर उठले तेव्हा मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. रागानं नाही, त्यांना वाकून माझा खांदा धरायचा होता आणि ते जमेना. उजवा हात थरथरत होता. कोठडीत थंडीनं की आणखी कशानं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या हातानं त्यांना रेघ ओढता येत नव्हती.

"वही तर त्यास्नी लिन्ही," मास्तर म्हणाले. "पत्ता याद शेतस ना तुले?"

"आहेत."

"मंग लिख."

मला वाटलं, पुन्हा बिल्ले मागवायचे आहेत. मी आनंदानं कागद पुढे ओढला. मास्तरांनी मजकूर सांगितला: मी आता शाळेत नाही, माझं पथक नाही. कृपा करून मला पत्र लिहू नये, काही पाठवू नये. आपली मैत्री आठवणीत आहे. प्रत्येक परदेशी पाकिटापाठोपाठ पोलीस पाटील भावाच्या ओट्यावर यायचा, घरातल्या माणसांना प्रश्न विचारायचा. भावानं मास्तरांना सांगितलं होतं, एक तर टपाल थांबवा, नाहीतर दुसरं घर बघा.

मी एकूण चौदा पत्रं लिहिली. चौदा वेळा तेच, माझ्या चांगल्या अक्षरात. तुमचा मित्र तुम्हाला सांगतो आहे की लिहू नका. खाली मास्तरांनी डाव्या हातानं सह्या केल्या.

"आते जपानना," ते म्हणाले.

"जपानला टपाल जात नाही, मास्तर."

"मंग त्याले कसं कयी?"

मी टाक पुसून ठेवला. पत्रकांत या प्रश्नाचं उत्तर नसतं.  काकूंनी शेंगांची सालं गोळा करून म्हशीपुढे टाकली.

मी पुन्हा पुन्हा जाऊ लागलो. दरवेळी मास्तर एवढंच विचारायचे की पत्रं पोचली असतील का. पोचली असतील, मी म्हणायचो. समुद्रात जहाजं बुडत होती, कुठलं पत्र कुठे पोचलं ते कोण सांगणार?

असाच एकदा मी तिथे असताना पोलीस पाटील आला. हातात एक चपटं पार्सल, कागद फाटून पुन्हा चिकटवलेला, वर सरकारी तपासणीची पट्टी. अमेरिकेतलं होतं. ज्या प्रदर्शनासाठी मास्तरांनी पाकिटात घोडे घातले होते, तिथून. वर्ष-दीड वर्ष कुठल्या कुठल्या बंदरांत पडून ते तापीकाठी आलं होतं. तपासणाऱ्यानं चिकटवलेला कागद एका कोपऱ्यात उघडा राहिला होता आणि आत पिवळं-निळं कापड दिसत होतं. गोल. काठावर शिवण.

पोलीस पाटील ओळखीचाच, भावाच्या वयाचा. तो चाचरत म्हणाला, "मास्तर, हाई तुम्हनं शे का? तुम्हनं व्हई तर सही करा. सही कई तर माले वर कळाडनं पडी."

ओट्यावर भाऊ उभा होता. दारात काकू.

मास्तरांनी पार्सल हातात घेतलं नाही. ते वाकले आणि त्या उघड्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. मला वाटतं त्यांनी रंग पाहिले, शिवण पाहिली, काय असेल ते मनात लिहून घेतलं. मग सरळ झाले.

"मन्हं नही," ते म्हणाले. "हाऊ धाडनारा माणूस मन्हा वयखीना नही."

पाटलानं सुटकेचा श्वास सोडला आणि पार्सल काखेत घातलं. मी पुढे होऊन म्हणालो, "माझं आहे, द्या. माझ्या नावानं लिहा काय लिहायचं ते." पाटलानं पत्ता वाचून दाखवला. त्यावर मास्तरांचं नाव होतं, माझं नव्हतं. मास्तर मला म्हणाले, "बस तू," आणि हात धरून खाली बसवलं.  पाटील शेतातल्या वाटेनं निघून गेला. काकू आत गेल्या. मास्तर माझा हात सोडायला विसरले होते, आणि मी तो काढून घेतला नाही.